डाळिंबी लोकरीचे दोन गुंडे

राहात्यात आमच्या गल्लीत मी तीस-बत्तीस वर्षं लोकांचे स्वेटर विणले. मजुरी कधी घेतली नाही. गल्लीतल्या माणसांकडून मजुरी कशी घ्यायची, असं मी म्हणायचे, आणि ते म्हणताना मलाच फार बरं वाटायचं. लोकर ज्याची त्यानं आणायची, विणायचं मी, आणि विणून जी उरेल ती माझी, असा एक रिवाज आपोआप पडून गेला होता. उरायची तरी किती? कधी लिंबाएवढी, कधी सुपारीएवढी, कधी नुसती शेपटी. पण टाकवत नव्हती. मी ती गोण्यांत भरून माळ्यावर चढवायचे आणि आमचे हे दर दिवाळीला माळा झाडताना त्या गोण्या खाली आणून, झटकून, निमूटपणे पुन्हा वर ठेवायचे.

माझी दुसरी एक सवय होती, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. स्वेटरचे टाके सुईवर घेण्याआधीच मी एक गुंडा बाजूला काढून ठेवायचे. पुढंमागं कोपर फाटलं, बाही उसवली, तर त्याच रंगाची लोकर हाताशी असावी म्हणून. लोकरीचं असं असतं की दुकान तेच, नंबर तोच, पण सहा महिन्यांनी आणलेला गुंडा आधीच्याशी जुळेलच असं नाही. मी त्या गुंड्यासोबत चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवायचे. इतकी व्यवस्थित बाई गल्लीत दुसरी नव्हती, हे मी तेव्हा चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर आहे, त्या वहिनींची गावाबाहेर पेरूची बाग आहे. आमचं इतकं सख्य होतं की मधल्या भिंतीत एक वीट मुद्दाम कमी ठेवली होती, वाटी द्यायला-घ्यायला. हिवाळा लागला की पेरूची पाटी आमच्याकडे यायची. माझी लेक त्या पेरूंवरच वाढली असं म्हटलं तरी चालेल. अकरा वर्षांपूर्वी वहिनींनी भाऊंच्या स्वेटरसाठी डाळिंबी रंगाची लोकर आणली, चांगली पिशवी भरून. भाऊ म्हणजे त्यांचे यजमान. धिप्पाड माणूस. पूर्ण बाह्यांचा स्वेटर करायचा ठरला. मी विणायला बसले, त्यात लेकीची दहावी आली, सासूबाई पाय मोडून बसल्या, काम मागे पडलं. चार महिन्यांनी पाठ झाली, पुढचा भाग झाला, गळा झाला, आणि बाह्यांना लोकर उरलीच नाही.

मी निरोप पाठवला, लोकर कमी पडली, आणखी दोन गुंडे आणा. वहिनी दुकानात जाऊन आल्या. तो रंग आता येत नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी वहिनींनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला जशीच्या तशी ऐकवली.

"दुकानदार म्हनला, एवढ्या लोकरीत दोनी बाह्या आरामात व्हतील, वर टोपडं व्हईल. बगा बरं ताई, कुटं ऱ्हायली आसंल."

त्या 'बगा बरं'नं माझं डोकं फिरलं. मी वीस वर्षं फुकट विणणारी बाई, आणि मला दुकानदाराचे दाखले! गॅसवर चहा ठेवलेला होता, वहिनींसाठीच. मी गॅस बंद केला, आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे धरून म्हणाले, "वीतभर जरी धागा माझ्याकडे उरला असेल, तर हे हात झडतील माझे."

वहिनींनी तो बिनबाह्यांचा स्वेटर घेतला आणि गेल्या. आठवड्याच्या आत मधल्या भिंतीतली ती वीट बसवली गेली, तीही सिमेंट लावून.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. गल्लीत समोरासमोर आलो की त्या मोबाईलमध्ये बघायच्या आणि मी आभाळात. पेरू बंद झाले. मीही काही कमी नाही. हिवाळ्यात बाजारातून पेरू आणायचे आणि ते पारदर्शक पिशवीत घालून त्यांच्या दारावरून सावकाश चालत यायचे. हे म्हणायचे, "अगं, कच्चे आहेत, दात पडतील." मी म्हणायचे, "पडू देत." मला सगळ्यांत जास्त छळलं ते भाऊंनी. तो माणूस दर हिवाळ्यात सकाळी तो डाळिंबी बिनबाह्यांचा स्वेटर घालून, दोन्ही हात काखेत खुपसून आमच्या दारावरून बागेत जायचा. अकरा हिवाळे. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम करतो. बायकोनं शिकवून पाठवलंय. दार लावून घ्यायचे तर खिडकीतून दिसायचा.

यंदा माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई सुप्याला कंपनीत आहेत, त्यांना सुट्टी मिळेना, म्हणून सातव्या महिन्यातच तिला आणून सोडली. दिवसभर पलंगावर बसून मोबाईल बघणं हा तिचा उद्योग. एक दिवस म्हणाली, "आई, बाळाला हे कर." बघते तर क्रोशाच्या रंगीबेरंगी चौकोनांचं पांघरूण. "याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. उरलेल्या लोकरीचं करायचं असतं."

मी म्हटलं, "पहिलं बाळ, आणि उरल्यासुरल्याचं पांघरूण? लोक काय म्हणतील? मी नवी लोकर आणते."

"नवी नाही चालत. उरलेल्यातूनच करायचं असतं. तीच तर मजा आहे." हे नियम मोबाईलवर कोण ठरवतं देव जाणे, पण सात महिन्यांच्या गर्भारणीशी वाद घालायचा नसतो. यांनी माळ्यावरून गोण्या काढून दिल्या आणि पहिल्यांदाच त्या परत वर ठेवाव्या लागल्या नाहीत.

तसं ते काम सोपं. चार साखळ्यांचं एक कडं करायचं, त्यात तीन-तीन खांबांचे झुबके घालत जायचं, कोपऱ्यावर दोन झुबके एकाच घरात घातले की गोल फिरणारं विणकाम मुकाट्यानं चौकोनी होतं. आणि गोण्या उघडल्या तर त्यात अख्खी गल्ली. उंटाच्या रंगाची लोकर म्हणजे टोकाच्या घरातल्या मास्तरांची माकडटोपी. निळी, शाळेच्या गणवेशाची, ती तर ढिगानं. मोहरीच्या रंगाचा एक स्वेटर समोरच्या काकूंनी होणाऱ्या जावयासाठी करून घेतला होता. ते लग्न मोडलं, दुसरा जावई झाला, स्वेटर मात्र त्याला बरोब्बर बसला. एकेक चौकोन विणताना मला हसू यायचं. बेचाळीस चौकोन झाले. पण सगळे एकत्र जोडायला आणि चारी बाजूंनी काठ घालायला एकाच रंगाची बरीच लोकर हवी, आणि उरलेल्या लोकरीत नेमकी तीच नसते. मी गुपचूप दुकानातून पांढरी आणून लावून बघितली. इतकी चकचकीत आणि करकरीत की बाकीचे चौकोन मळकट दिसायला लागले. लेकीनं ती पहिल्याच नजरेत ओळखली आणि उसवायला लावली.

म्हणून मी शेवटची गोणी पार उलटी केली. तळाला चिवड्याचा एक जुना डबा निघाला. डब्यात डांबरगोळ्या, कडुनिंबाचा वाळका पाला, वर्तमानपत्राचा कागद, आणि त्या कागदात डाळिंबी रंगाचे दोन गुंडे, अगदी न वापरलेले. सोबत चिठ्ठी. 'वहिनींकडचा डाळिंबी. बाही उसवली तर.' अक्षर माझं. त्या अक्षराचं शाळेत कौतुक व्हायचं, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं म्हणायचीही सोय नव्हती.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दाराला आतून कडी घातली. दुसरी गोष्ट, स्वतःच्या हातांकडे बघितलं. उजवा अंगठा दोन वर्षांपासून दुखत होता. डॉक्टर म्हणाले होते, विणकामानं सांधा झिजलाय. डॉक्टरांना काय माहीत!

भाऊ धिप्पाड म्हणून त्या वेळी मी नेहमीच्या एकाऐवजी दोन गुंडे बाजूला काढले होते. बाही उसवली तर असावेत म्हणून. आणि त्यांच्याचमुळे बाह्या झाल्या नाहीत! माझ्या व्यवस्थितपणाला कुणी इतकं तोंडावर पाडलं नव्हतं.

यांना चिठ्ठी दाखवली. हे आयुष्यभर एसटीत कंडक्टर. आवाज असा की मागच्या सीटपर्यंत जावा. त्यांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "हळू!" मी ओरडले, "भिंत एकच आहे!"

"मग बरंच आहे, जायचा त्रास वाचला," हे म्हणाले. "अगं, चूक झाली म्हणायचं आणि देऊन यायचं. पाच मिनिटांचं काम."

"अकरा वर्षांचं पाच मिनिटांत?"

"थांबा आलाय, उतर. पुढच्या थांब्याला गेलीस तर परत चालत यावं लागेल."

मी उतरले नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी ठरवलं की गुंडे तसेच डब्यात ठेवायचे. दोन दिवस ठेवलेही. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून एक धागा चौकोनांच्या कडेला धरून बघितला. काय सांगू! मास्तरांची माकडटोपी, शाळेचा निळा, जावयाची मोहरी, सगळे त्या डाळिंबीच्या शेजारी एका घरातले दिसायला लागले. मग माझा हात ऐकेना. संध्याकाळपर्यंत एक रांग जोडून झाली होती आणि आठवड्यात अख्खा काठ. लेक खूश. तिला मी डब्याची भानगड सांगितली नव्हती. मनाशी म्हटलं, वहिनी आपल्या घरात पाऊल टाकत नाहीत, त्या कशाला बघायला येतात?

मार्गशीर्षात नात झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. आणि दोन दिवस आधी लेक मला सहज सांगते, "पलीकडच्या काकूंना मी फोन केलाय. येतो म्हणाल्या."

"तू कशाला केलास? मला विचारायचंस!"

"त्यांच्या पेरूंवर मी मोठी झाले, आई. तुमचं काय भांडण असेल ते असू दे. माझ्या लेकीला त्यांनी पाळण्यात घातलेलं मला बघायचंय." एवढं बोलून तिचे डोळे भरून आले. ओल्या बाळंतिणीला रडू द्यायचं नसतं. मी तिचे डोळे पुसले आणि बरं म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी या बाईसमोर मी हात पुढे धरून शपथ घेतली होती. आता ती माझ्याच घरात, सगळ्या गल्लीसमोर, तिच्याच लोकरीचा काठ बघणार होती. आणि त्यानंतर मी कुठल्या तोंडानं विणणार आणि कुठल्या तोंडानं बोलणार?

बारशाच्या सकाळी मी बाजारातून अस्वलाची चित्रं असलेलं एक पांघरूण आणलं, ते पाळण्यात घातलं आणि क्रोशाचं कपाटात, साड्यांच्या खाली सारलं. उत्तरही पाठ करून ठेवलं होतं: बाळाला लोकर टोचते. मग स्वयंपाकघरात घुगऱ्यांची फोडणी बघायला गेले. परत येते तर पाळण्यात अस्वलं नाहीत! लेकीनं कपाट उघडलं होतं. "आईनं तीन महिने खपून केलंय आणि लपवून ठेवते," ती सगळ्यांना सांगत होती, "इतकी लाजते!"

बायका पाळण्याभोवती जमल्या. बाळ राहिलं बाजूलाच. मास्तरीणबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अय्या, ही तर आमच्या ह्यांची माकडटोपी!" समोरच्या काकू म्हणाल्या, "आणि हा आमचा मोडलेला जावई!" मग काय विचारता. जी ती आपापला चौकोन शोधायला लागली. "म्हंजी आमची लोकर उरलीच हुती म्हना की!" असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मीही हसत होते, पण कान दाराकडे होते.

वहिनी आल्या. हातात झबलं-टोपडं, अंगावर नवं लुगडं. मी पुढं होऊन हळदीकुंकू लावलं. दोघींपैकी कुणीच वर बघितलं नाही. त्या पाळण्यापाशी गेल्या, बाळाच्या गालाला बोट लावलं, कानशिलावर बोटं मोडली. मग तेच बोट खाली आलं आणि पांघरुणाच्या काठावर थांबलं. अख्खा काठ त्यांनी बोटानं चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही माजी लोकर हाय," वहिनी म्हणाल्या.

हशा थांबला. माझ्याकडं याचंही उत्तर तयार होतं. रंगासारखे रंग असतात, नगरहून आणली, पावती शोधते. दोन दिवस मी ते घोकलं होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"व्हय वहिनी," मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना मी पूर्वी बोलायचे तशीच बोलायला लागले होते. "तुमचीच हाय. दोन गुंडे माझ्याकडंच होते. मी शपथ घेतली ती खोटी निघाली."

आत जाऊन मी ती चिठ्ठी आणली. चिठ्ठी दाखवून आपली सुटका होईल अशी मला काय अक्कल सुचली, ठाऊक नाही. वहिनींना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांनी ती मास्तरीणबाईंच्या हातात दिली, आणि मास्तरीणबाईंनी ती परिपाठ घेतल्यासारखी खणखणीत आवाजात वाचली. बाही उसवली तर. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र रडूच आलं. साठी उलटलेली बाई, नातीच्या बारशात, पदर तोंडाला लावून उभी.

"वहिनी, भाऊ अकरा हिवाळे काखेत हात घालून माझ्या दारावरून गेले," मी म्हणाले. "मला ते रोज दिसायचं."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "ते व्हय? अवो ताई, ते मे म्हयन्यातबी तसंच चालत्यात! लहानपनापास्नं खोड हाय त्यान्ला."

मी आठवून बघितलं. खरंच की. मे महिन्यात मी कधी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

"आन बाह्या त्यान्ला नकोच हुत्या," वहिनी पुढं म्हणाल्या. "झाडात शिरलं की फांदीला आडकत्यात. बिनबाह्यांचा बगून लई खूश झाले. मीच तुमाला सांगितलं न्हाई."

"मग अकरा वर्षं कशाचा राग धरलात?"

त्यांनी काठावरचं बोट उचललं. "लोकरीचा न्हाई ओ. तुमी चा ठिवला हुता. मला बगून गॅस बंद केला. चोरी केली आसती तरी मी काय म्हनले नसते. पन दारात आलेल्या मानसाम्होरं चा बंद केला, ते लागलं मला."

मला ते आठवत होतं. माझ्या बाजूनं मी त्याला शपथेपुढे काहीच किंमत दिली नव्हती. मी हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले आणि अंगठा बघून म्हणाल्या, "ह्यो कशानं सुजला?" मी म्हटलं, त्या शपथेनं. बाई इतक्या हसल्या की बाळ दचकून उठलं.

मग बारसं झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे बसले, आणि बाळाला पाळण्यात वहिनींनीच घातलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. त्या मागोमाग आल्या आणि उकळी येईपर्यंत गॅसपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पुन्हा भरवसा न्हाई.

कप हातात दिल्यावर मी चिवड्याचा तो डबा आणला. काठ घालून डाळिंबी लोकरीचा लिंबाएवढा गुंडा उरला होता. रिवाजानं तो माझा, पण मी तो त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. तुमचा आहे."

वहिनींनी तो हातात फिरवून बघितला आणि परत डब्यात टाकला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "उसवलं तर लागंल."

मी डब्याला झाकण लावलं, फडताळात ठेवला, आणि या खेपेला तो कुठं ठेवलाय ते यांना, लेकीला आणि वहिनींना, तिघांनाही तिथं उभं करून दाखवून ठेवलं.